पाणी न शिरणारा कॉम्प्युटर

आबा मेस्त चपला घ्यायला स्वतः कधी जात नाहीत. पाय पाठवतात.

फणसाच्या लाकडात त्यांनी स्वतःचे दोन्ही पाय कोरून ठेवलेत. डाव्या अंगठ्याजवळचं हाड जरा वर आलंय, तेही कोरलंय. गावातलं कुणी कणकवलीला निघालं की आबा ते पाय रुमालात बांधून त्याच्या हातात देतात आणि बजावतात, "आठ नंबर, नऊ नंबर असला काय इचारू नको. ह्येका बसता काय बघ आणि घेवन ये." एकदा ही कामगिरी माझ्यावर आली. चपलांच्या दुकानातल्या माणसानं ते पाय काउंटरवर ठेवले, मग वाकून माझे पाय जागेवर आहेत का ते पाहिलं आणि आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालक शांत होता. "आचऱ्याचे ना?" म्हणाला. "ओळखतो मी यांना."

आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. आबा होड्या बांधणारे मेस्त. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर मांस औषधापुरतं, कानावर पेन्सिल आणि खिशात घडीची लाकडी पट्टी. होडी बांधताना आधी पातळ फळीचा फर्मा करतात, म्हणजे खऱ्या मापाचा नमुना, आणि तो नीट बसला तरच खरं लाकूड कापतात. बाकीचे मेस्त हे होडीपुरतं करतात. आबांनी ते सगळ्या संसाराला लावलं. माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून पाट दिला, पण त्याआधी चार दिवस घरी येऊन माझं बसायचं माप घेऊन गेले. बायको अजून हा किस्सा आल्यागेल्याला चहाबरोबर देते.

"बसता काय?" हा त्यांचा एकच प्रश्न. खिडकीला विचारतील, कवळीला विचारतील, जावयालाही विचारतील. नवे सरपंच निवडून आले आणि गुलाल लावून माझ्या दुकानासमोरून निघाले, तेव्हाही आबांनी त्यांच्याकडे आणि समोरच्या ग्रामपंचायतीतल्या खुर्चीकडे आळीपाळीने बघून मान हलवली होती. "ह्यो बसणा नाय." वर्षभरात सरपंचांनी राजीनामा दिला. आबांना त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही.

या माणसाला जगात शत्रू दोन. एक फायबर आणि दुसरा इनास.

इनास आमच्या गावचा तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात. त्याला आबांनी एक होडी बांधून दिली होती, आणि इनासनं तिला बायकोचं नाव दिलं होतं, रोजीन. आसपासच्या चार गावांत तशी होडी नव्हती, असं आबा सोडून इतर लोकही म्हणायचे. मग अकरा वर्षांपूर्वी इनासनं फायबरची बोट घेतली आणि लाकडाची रोजीन पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्याला सरपणाला विकली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. इनास समोरून आला की आबा रस्ता सोडून शेतात उतरायचे, मग गुडघाभर चिखल का असेना. आणि बोलायची वेळच आली, तर मधे मी. माझं दुकान दोघांच्या वाटेच्या मधोमध पडतं हे माझं नशीब.

"मंग्या, तेका सांग, सायकल बाजूक घी."

"मंग्या, तेका सांग, रस्तो तेच्या बापाशीचो नाय."

दोघं एकमेकांपासून दोन हातांवर उभे, दोघांचे कान शाबूत, आणि मी एम.कॉम. झालेला माणूस मधे उभा राहून एकाचं वाक्य दुसऱ्याला ऐकवतोय. वैताग नुसता!

गेल्या वर्षी इनासच्या अंगावरून वारं गेलं. उजवा पाय वाकडा पडला, उजवा हात अर्धा गेला. बोलणं शाबूत राहिलं, पण बोलायचंच त्यानं सोडलं. घर असं की पडवीतून दर्या चाळीस पावलांवर. तिथं तो खुर्ची टाकून बसायचा, पण दर्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. बायको रोजीनबाय सांगून थकली. खुर्ची फिरवली की हा परत फिरवायचा.

आणि जूनमध्ये एके सकाळी आबा माझ्या दुकानात आले, बाकड्याचं माप घेतलं (दर वेळी घेतात, बाकडं तेच) आणि बसून म्हणाले, "माका एक कॉम्प्युटर बांधूचो आसा."

"घ्यायचा आसा?"

"बांधूचो. गेमाचो."

चहा माझ्या नाकातून आला.

आता माझ्याबद्दल थोडं खरं सांगतो. माझ्या दुकानाच्या पाटीवर 'कॉम्प्युटर सेल्स, सर्व्हिस, गेमिंग' असं लिहिलंय. त्यातलं 'गेमिंग' हे पेंटरकडे जागा उरली म्हणून आलंय. मी झेरॉक्स काढतो, ऑनलाइन फॉर्म भरतो, लाइटबिलं भरतो. सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर उभा करणं ही आबांची जशी पहिली वेळ होती, तशी माझीही होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

"कुठला गेम?" मी धंदेवाईक चेहरा करून विचारलं.

आबांनी खिशातून चिठ्ठी काढली. म्हापशाला त्यांचा भाचा असतो, त्यानं गेमचं नाव लिहून दिलं होतं. होडी हाकायचा गेम. आबांनी तो भाच्याकडे पाहिला होता आणि पाहताना टेबल धरलं होतं. "दर्या असो वर येता मंग्या, असो! माझ्या पोटात ढवळला. बसल्या जाग्यार लाट लागली माका." मग बोटानं माझा कॉम्प्युटर दाखवून म्हणाले, "ह्येच्यार चलाचो नाय ना तो?"

माझ्या कॉम्प्युटरवर सातबारा उघडायलाही देवाचं नाव घ्यावं लागतं. म्हटलं, नाही चालणार.

"नारळी पुनवेच्या आदी चालूक व्हयो. मगे नको."

"कोणासाठी, आबानू?"

आबांनी पट्टी उघडली. मिटली. परत उघडली. "इनासाक," म्हणाले.

हातातला चहाचा कप मी खाली ठेवला.

"पन्नास वर्सां नारळी पुनवेक तो होडयेत आसा," आबा पट्टीकडे बघत बोलत होते. "क्रिस्तांव असून नारळाची होडी तोच हाकी. औंदा खंय जातलो? भितीकडे बघीत बसतलो. एक डाव तो भितीकडे बघीत ऱ्हवलो काय परत फिराचो नाय, मंग्या. माका म्हायत आसा." मग एकदम आवाज चढवून, "आणि तेका सांगूचा नाय कोणी केल्यान ता! सांगलंस तर बघ." पैशांचं विचारलं, तर "ता मी बघतंय, तू मापां बघ" म्हणाले आणि निघाले.

तर असं सगळं होतं. दोन महिन्यांत एका भांडलेल्या माणसाला, त्याच्याशी न बोलता, भिंतीकडून दर्याकडे फिरवायचं होतं, आणि त्यातलं तांत्रिक खातं माझ्याकडे होतं.

मी एका दुपारी मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि यादी केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कूलर, कॅबिनेट. छान टाईप करून, प्रिंट मारून आबांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली.

"ही एकमेकांक बसतत?"

"बसतत हो. सगळा युनिव्हर्सल आसा."

"युनिव्हर्सल म्हटल्यार माका भय वाटता," आबा म्हणाले. "प्रत्येकाची मापां घेवन ये."

मग कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन लावला. परक्या माणसाशी बोलताना आबा एकदम कचेरीतली मराठी काढतात. "नमस्कार. मी सुतार बोलत आहे. आपल्या कार्डाची जाडी किती आहे?"

"कार्ड किती जीबीचं पायजे, मामा?"

"जीबी राहू दे. मिलीमीटर सांगा."

मग लांबी झाली, उंची झाली, मदरबोर्डच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांमधलं अंतर झालं, कूलर बोर्डावर बसवल्यावर किती वर येतो तेही झालं. "मामा, इतकी वर्षं दुकान चालवतोय, हे कुणी विचारलं नव्हतं ओ," दुकानदार शेवटी म्हणाला. पण गडी चांगला निघाला. पट्टी घेऊन गोडाउनात गेला आणि एकेक वस्तू मोजून सांगत राहिला. दुसऱ्या आठवड्यात तर तो आपणहून फोन करून "मामांना सांगा, त्या वायरीचं वळण पस्तीस मिलीमीटर भरलं" असं कळवायला लागला.

आबांनी प्रत्येक भागाचा प्लायवूडचा फर्मा केला. त्यांच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये, एक अख्खा लाकडी कॉम्प्युटर तयार झाला. आणि त्यातून माझी अब्रू गळायला लागली. पहिल्याच दिवशी प्रोसेसर बोर्डावर बसेना. मी प्रोसेसर एका कंपनीचा निवडला होता आणि बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा. "टायपिंगची चूक," मी म्हटलं. आबांनी फक्त पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली.

मग रॅमचा घोळ. रॅममध्ये जुनी पिढी असते आणि नवी असते. लांबी तीच, चेहरामोहरा तोच, फक्त खालच्या कडेला असलेली खाच किंचित सरकलेली. मी बोर्ड नव्या पिढीचा मागवला होता आणि रॅम जुन्या पिढीची. आबांनी दोन्हीची चित्रं खऱ्या मापात बटर पेपरवर काढली, एकावर एक ठेवली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"मंग्या, ही बसाची नाय."

"बसता ओ! जरा दाबूचा लागता."

"दाबून बसवलेली फळी दर्यात गेल्यार उसवता," आबा म्हणाले आणि ते कागद माझ्या हातात दिले. मी घराकडे जायच्या वाटेवर, माडाच्या आडोशाला उभा राहून, हळू आवाजात कोल्हापूरला फोन लावला. ऑर्डर बदलली. कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्यानं साठीनंतर ऐकलं, त्या माणसानं मला कागदाच्या दोन तुकड्यांनी धुतलं होतं. रागही आला आणि हसूही.

पॉवर सप्लायला मात्र माझी गरज लागली नाही. "होडी केवडी, भार केवडो, त्येच्यार इंजिन," आबांनी स्वतःच बेरीज केली. जेवढी बेरीज आली त्याच्यावर बराच मोठा मागवायला लावला. म्हणाले, परत येताना वारा आडवा असतो, तेवढं राखून ठेवायचं. ग्राफिक्स कार्ड जड, बोर्डाला लोंबकळत राहतं, तर त्याला खालून होडीत लावतात तशी एक बाकदार बरगडी कोरून दिली. पार्सलं यायला लागली. प्रत्येक वस्तू आली की आबा ती आपल्या फर्म्यावर ठेवायचे, बोट फिरवायचे, "बसला" म्हणायचे आणि मांगराच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायचे. श्रावण लागेपर्यंत भिंत खुणांनी भरली.

राहिलं कॅबिनेट. मी पत्र्याचं सुचवलं, तर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फायबर म्हटलं की काय असं मला वाटलं. "दर्याच्या वाऱ्यान सा म्हयन्यात कुसतला ता. पेटी मी बांधतलंय." आणि मांगराचं दार लावून घेतलं. "आत येव नको कोण."

आठवड्यानं बोलावणं आलं. पेटी इतकी देखणी की मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. चार जुन्या सागवानी फळ्यांची, बाहेरून काजूच्या टरफलांचं तेल चोपडलेली, काळीभोर. सगळे भाग एका पाटावर बसवून तो पाट वरून आत सोडायचा. वायरींची भोकं वरच्या झाकणाला. "पाण्याच्या रेषेच्या वयर," आबांनी अभिमानानं दाखवलं. आणि फळीफळीच्या फटीत कापूस ठासून वर राळ भरलेली, होडीला भरतात तशीच.

"आता उतरवया," आबा म्हणाले.

"काय?"

विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाणी भरलेलं होतं. आबांनी पेटीत भार म्हणून दोन असोले, म्हणजे न सोललेले, नारळ ठेवले, तळाला कालचा पेपर घातला, झाकण लावलं आणि कॉम्प्युटर पाण्यात सोडला. तरंगला. सकाळभर तरंगला. दुपारी आबांनी झाकण काढून पेपर बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. "वाच!" मी मोठ्यानं भातखरेदीची बातमी वाचली. पेपर कोरडा ठणठणीत होता. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे हे कळावं म्हणून सांगतो.

नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना आम्ही पाटावर सगळं जोडलं. दोन मोठे पंखेही पाटावरच बसवले. पाट आत गेला, झाकण लागलं, झाकणातल्या वायरींच्या भोकांतही आबांनी कापूस ठासला. मी बटण दाबलं. स्क्रीन उजळला. आणि दर्या वर आला, खरंच, असा निळा आणि असा हलणारा की आबांनी एका हातानं टेबल धरलं आणि दुसऱ्या हातानं मला. मी गेमसाठी मागवलेलं स्टिअरिंग फिरवून होडी धक्क्यावर आपटली. "तू नको हात लाव मेल्या!" आबा ओरडले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

पाव तासानं स्क्रीन काळा.

परत लावला. दहा मिनिटांनी काळा. परत लावला. सहा मिनिटं.

"काय बसाक नाय?" आबांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या डोक्यात एकच होतं, कुठलं तरी माप चुकलं. दोन दिवस त्यांनी सगळे भाग काढले, परत फर्म्यांवर ठेवले, परत मोजले. जेवले नाहीत धड. मी कोल्हापूरला फोन करून करून फोन तापवला. भाग सगळे बरोबर, जोडणी बरोबर. आणि पौर्णिमा परवावर आली.

त्या दिवशी पेटी चालू करून मी तिच्याशेजारी डोकं धरून बसलो होतो, आणि काजूच्या तेलाचा कडवट वास नाकात भरला. पेटीवर हात ठेवला. चटका बसला.

"आबानू, आत हवा खंयसून येता?"

"पंखे आसत मा आत?"

"ते आतलीच हवा आत फिरवतत! भायली खंयसून येता?"

"खंयसूनच येणा नाय," आबा अजूनही अभिमानानं म्हणाले. "थेंब येणा नाय, तर हवा खंयसून येतली?"

मी त्यांचा हात धरून पेटीवर ठेवला. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान गेला.

"पंख्यांच्या समोर भोकां पाडूक व्हयी, आबानू. दोनय बाजूंक."

"होडयेक? भोक?" ते पेटीला होडीच म्हणत होते. "मंग्या, जल्मभर मी भोकां बुजवलंय."

त्यांनी भिंतीवरच्या खुणांकडे एकदा पाहिलं. मग उठले, पाट बाहेर काढला आणि पेटीच्या फळ्या एकेक करून सोडवल्या. तेव्हा मला फळ्यांची आतली बाजू पहिल्यांदा उजेडात दिसली. निळा जुना रंग, पापुद्रे सुटलेला. एका फळीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरात 'रो' होतं आणि दुसरीवर 'जीन'.

"भट्टीवाल्याकडसून हाडलंय," आबा म्हणाले. "मी जाईपर्यंत बाकीची जळली होती. ह्यो चारच फळयो गावल्यो." मग त्यांचा आवाज फाटला. "फायबर घेतल्यान तेचो माका राग नाय रे! खर्च कमी, डागडुजी नाय, माका कळणा नाय? पण भट्टीक घातल्यान? माका एक शबूद सांगल्यान आसता तर खांद्यार घेवन आयलो आसतंय मी तिका!"

डोळे पुसायला त्यांनी पट्टीचा हात वर केला आणि पट्टीच डोळ्यात घातली. मला रडू आलं, सरळ सांगतो. अकरा वर्षं हा माणूस फायबरच्या नावानं थुंकत होता आणि मांगरात या फळ्या जपून बसला होता.

मी पेन्सिलीनं भोकांच्या जागा आखून दिल्या. आबांनी गिरमिट घेतलं, टोक टेकवलं, उचललं. परत टेकवलं, परत उचललं. "ह्या पाण्याच्या रेषेच्या खाली पडता."

"आबानू, ही पाण्यात जावची नाय."

"होय तर," ते म्हणाले. "तो पण आता जावचो नाय." आणि गिरमिट फिरवायला लागले. दोन्ही बाजूंना दोन-दोन ओळी पाडल्या, प्रत्येक भोकाची कड आतून बाहेरून घासून गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी पेटी सकाळपासून दुपारपर्यंत चालली आणि हाताला कोमटसुद्धा लागली नाही.

नारळी पौर्णिमेला सकाळीच आम्ही रिक्षातून पेटी इनासच्या घरी नेली. टेबल आबांनी आधीच पाठवून दिलं होतं. रोजीनबाय कटात सामील होती. पडवीची मापं तिनेच दोरीला गाठी मारून आबांना पोचवली होती. टेबल पडवीच्या दर्याकडच्या कठड्याला बरोबर बसत होतं, दुसरीकडे कुठेच नाही. तसंच करून घेतलं होतं ते.

इनास भिंतीकडे तोंड करून बसला होता. आबा अंगणात माडाला टेकून उभे राहिले, कोणी केलं ते सांगायचं नाही म्हणणारे हेच. पायरी चढले नाहीत. मी पेटी क्षणभर टेकवायला इनासच्या बाजूच्या बाकावर ठेवली.

"मंग्या," इनास खरखरीत आवाजात म्हणाला. रोजीनबाय दारात थबकली. "तेका इचार, माझ्या खळ्यात कित्याक उभो तो?"

"मंग्या, तेका सांग, मी माडाक टेकलंय. तेका नाय."

झालं. माझी नोकरी चालू झाली.

इनासचा डावा हात पेटीवर पडला. एका फळीच्या कडेला नांगराच्या दोरानं घासून पडलेली जुनी खाच होती, तेलाखालीही हाताला लागणारी. त्याचं बोट त्या खाचेत जाऊन थांबलं.

"रोजीन," तो म्हणाला.

"ओ?" रोजीनबाय पुढे आली.

"तुका नाय गो."

मग त्याचं बोट सरकत भोकांच्या ओळीवर आलं. एका भोकात थांबलं, दुसऱ्यात थांबलं. "मंग्या, तेका इचार..." म्हणाला आणि मधेच गप्प झाला. मान वळवून, माझ्या खांद्यावरून त्यानं थेट अंगणात पाहिलं.

"मेस्ता, होडयेक भोकां?"

"पाडलंय."

"तू?"

"मगे कोण?" आबा माडाच्या सालीकडे बघत म्हणाले. "जीव घुसमटा होतो तिचो."

मी पेटी टेबलावर नेली, वायरी जोडल्या, स्टिअरिंग कठड्याला आवळलं, बटण दाबलं. गेमातल्या लाटांचा आवाज पडवीत आला आणि बाहेरच्या लाटांत मिसळला. इनासची पाठ अजून आमच्याकडेच होती.

"मंग्या, तेका सांग, खुर्ची फिरव."

मी सांगायला तोंड उघडलं, पण सांगावं लागलं नाही. इनासनं डावा पाय जमिनीला रेटला. खुर्ची कर्रकन वाजली. थोडी फिरली, अडकली, परत फिरली. मदत करायला मी पुढे झालो, तर रोजीनबायनं माझा शर्ट मागून धरून ठेवला. खुर्ची पूर्ण फिरली, आणि इनाससमोर स्क्रीन होता, आणि स्क्रीनच्या वरून सरळ दर्या, पताका लावलेल्या होड्या, किनाऱ्यावर नारळ घेऊन जमलेली माणसं. वर्षभरानं तो तिकडे बघत होता. डाव्या हातानं त्यानं स्टिअरिंग धरलं. होडी धक्क्यापासून सुटली, न आपटता.

धक्का मागे पडल्यावर तो बोलला, आणि माझ्याशी नाही.

"मेस्ता, ही फायबरची आसा रे!"

"म्हायत आसा माका!" आबा माडापासून सुटले. "लाकडाची गेमात गावाक नाय! आणि तू ती उजवीकडे कित्याक नेतंस? खडप आसा थंय, दिसणा नाय?" बोलत बोलत ते पायरी चढून पडवीत आले आणि इनासच्या बाजूच्या बाकावर, माप न घेता, बसले.

माझी अकरा वर्षांची नोकरी अशी गेली. मी पायरीवर बसून चहा प्यालो.

यानंतर आठ दिवसांनी आबा दुकानात आले. बाकड्याचं माप घेतलं, बसले, आणि रुमालाचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. "कणकवलीक जातंस मा उद्या?"

गाठोडं नेहमीपेक्षा मोठं होतं. मी सोडलं. आबांचे जुने दोन पाय होते, आणि नव्या लाकडाचे आणखी दोन. त्यातला डावा साधासरळ. उजवा आत वळलेला, बोटं एकमेकांवर चढलेली, टाच किंचित वर. आबांनी तो वाकडा पाय होता तसा वाकडाच कोरला होता.

"इनासाचे," ते म्हणाले. "टाचेक पट्टो असलेली चप्पल बघ. जेट्टीपर्यंत चलान बघतलो म्हणता."

"नंबर काय सांगू, आबानू?"

"नंबर इचारू नको. ह्येका बसता काय बघ आणि घेवन ये."

दुसऱ्या दिवशी मी चार पाय पिशवीत घातले आणि साडेनऊची एसटी पकडली.